‘चांगली’ सोनोग्राफी कोणती?

गेल्या काही महिन्यांत एकच प्रश्न मला चार वेगवेगळ्या जणींनी विचारला. दोघी नात्यातल्या, एक जुनी सहकारी शिक्षिका आणि एक शेजारीण. "छातीतल्या गाठीसाठी सगळ्यात चांगली सोनोग्राफी कुठली हो? साधी की ती नवीन रंगीत?" धाकट्या बहिणीच्या आजारपणात मी बरंच वाचलं, डॉक्टरांना विचारून विचारून भंडावलं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून माझ्याकडे चौकशी. प्रत्येकीला फोनवर तेच ते सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवावं असं ठरवलं, म्हणून हा लेख. नेहमीपेक्षा लांबणार आहे, चहा घेऊन बसा!

सुरुवातीलाच सांगते, मी डॉक्टर नाही. मराठी घेऊन बी.ए. झाले आणि आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलं. त्यामुळे इथे औषधोपचाराचा सल्ला मिळणार नाही. एखादा अवघड धडा वर्गाला समजेल असा सोपा करून सांगायची सवय आहे, तेवढ्याच भांडवलावर लिहिते आहे.

आणि मराठी शिकवलं म्हणून एक गोष्ट आधी बोलून टाकते. ‘सस्तन प्राणी’ हा शब्द पाचवी-सहावीची मुलंमुली वर्गात मोठ्याने वाचतात, कुणी लाजत नाही. पण त्यातलाच ‘स्तन’ वेगळा काढला की आपल्या घरात आवाज खाली जातो. आपण ‘छातीत गाठ’ म्हणतो. त्याहून जुन्या बायका ‘अंगावर गाठ’ म्हणत, म्हणजे नक्की कुठे ते कळूच नये! ज्या अवयवाचं नाव घ्यायला संकोच, त्याची तपासणी वेळेवर कशी होणार? तर या लेखात मी सरळ स्तन असाच शब्द वापरणार आहे. नात्यातल्या पुरुषमंडळींनीही न लाजता वाचावं.

आपल्या पिढीच्या बायकांना सोनोग्राफी म्हटलं की बाळंतपणच आठवतं. प्रत्येक सोनोग्राफी केंद्राच्या दारात ‘येथे गर्भलिंग निदान केले जात नाही’ अशी पाटी असते, त्यामुळे ती समजूत आणखी पक्की होते. मला स्वतःला वाचताना नवल वाटलं ते याचं की ध्वनिलहरींनी शरीर तपासायला सुरुवात झाली तेव्हा त्या गर्भाशयाच्या आधी स्तनाकडे वळल्या होत्या. जॉन वाइल्ड नावाचे मूळचे इंग्रज सर्जन अमेरिकेत मिनियापोलिस इथे होते. त्यांनी जॉन रीड या इंजिनिअरच्या मदतीने १९५० च्या दशकाच्या सुरुवातीलाच स्तनातल्या गाठींवर ध्वनिलहरी सोडून परत येणारे प्रतिध्वनी तपासले. स्कॉटलंडमध्ये ग्लासगोच्या इयान डोनाल्ड यांचा पोटातल्या गाठी आणि गर्भ यांच्याबद्दलचा प्रसिद्ध लेख आला तो १९५८ साली. म्हणजे स्तनाची सोनोग्राफी हे काही कालपरवाचं फॅड नाही.

यामागचं तत्त्व आपल्याला विहिरीपाशी कळलेलं असतं. विहिरीत ओणवून हाक मारली की आवाज परत येतो, आणि विहीर खोल असली की उशिरा येतो. सोनोग्राफीचा प्रोब, म्हणजे तो हातातला ठोकळा, अशाच हाका मारतो आणि परत आलेला आवाज ऐकतो. फक्त त्या हाका आपल्या कानाला ऐकू येत नाहीत. माणसाचा कान सेकंदाला जेमतेम वीस हजार कंपनांपर्यंत ऐकतो. स्तनासाठी वापरतात त्या प्रोबची कंपनं सेकंदाला एक कोटीच्या वर असतात. पोटाच्या सोनोग्राफीत ती बरीच कमी ठेवतात. कंपनं जास्त तितका तपशील बारीक दिसतो, पण आवाज खोलवर पोचत नाही. स्तन वरवरचा अवयव, खोलीची गरज कमी, म्हणून तिथे बारीक तपशील परवडतो. तो थंडगार चिकट जेल लावतात तो एवढ्यासाठीच की प्रोब आणि कातडी यांच्यामध्ये हवा राहिली तर जवळजवळ सगळा आवाज तिथूनच मागे फिरेल.

आता मूळ प्रश्नाकडे येते. ‘साधी की रंगीत’ या प्रश्नामागे अशी समजूत असते की ही टीव्हीसारखी गोष्ट आहे. आधी कृष्णधवल होता, मग रंगीत आला, म्हणजे नवा तो चांगला आणि जुना तो टाकाऊ. तसं नाही हो! सोनोग्राफीचे हे प्रकार म्हणजे एकाच गाठीला विचारलेले वेगवेगळे प्रश्न आहेत. माझ्या सासूबाई बाजारात गेल्या की कलिंगडाला टिचकी मारत, आंबा देठापाशी हलकेच दाबून बघत आणि नारळ कानाशी हलवून घेत. यातली कुठली परीक्षा ‘सगळ्यात चांगली’ असं त्यांना विचारलं असतं तर त्यांनी माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं असतं.

माझ्या धाकट्या बहिणीचीच हकीकत सांगते, म्हणजे प्रश्न एकेक करून कळतील. तिची परवानगी घेतली आहे. "लिही गं ताई, मला आता कशाची लाज," असं तिचं उत्तर आलं. आमच्या घरात तिला सगळे धाकटीच म्हणतात, इथेही तेच नाव ठेवते.

२०२३ च्या मे महिन्यात आंघोळ करताना धाकटीच्या हाताला डाव्या स्तनात वाटाण्याएवढी गाठ लागली. तेव्हा ती चौसष्ट वर्षांची. गाठ दुखत नव्हती. "दुखत नाही म्हणजे काही नसेल," असं म्हणून तिने लोणच्याच्या कैऱ्या, पापड, नातवंडांची सुट्टी सगळं आटोपेपर्यंत महिना काढला. दुखलं तरच आजार, हे आपल्या हाडात मुरलेलं आहे, आणि स्तनाच्या कर्करोगात नेमकं तेच उलटं ठरतं. त्याची गाठ सुरुवातीला बहुतेक वेळा दुखतच नाही.

सांगलीला तिची मॅमोग्राफी आणि सोनोग्राफी झाली. पहिली सोनोग्राफी साधी, काळ्या-पांढऱ्या-करड्या रंगांतली. हा पहिला प्रश्न: तुझा आकार कसा आहे, कडा कशा आहेत, आत काय आहे? पाण्याने भरलेली साधी गाठ असेल तर ती आतून पूर्ण काळी दिसते, भिंत पातळ असते आणि तिच्या मागचा भाग उजळ दिसतो, कारण पाण्यातून आवाज न अडखळता पार जातो. तिला सिस्ट म्हणतात, आणि अशी साधी सिस्ट दिसली की विषय तिथेच संपतो. नुसत्या हाताने चाचपून हे सांगणं कठीण, मॅमोग्राफीलाही पाण्याची आणि भरीव गाठीत फरक करता येत नाही. तेवढ्या एका गोष्टीसाठीसुद्धा साधी सोनोग्राफी सोन्यासारखी आहे.

गाठ भरीव निघाली की चेहरा वाचावा लागतो. लंबगोल, आडवी पहुडलेली, कडा गुळगुळीत, अशी गाठ बहुधा निरुपद्रवी. वेडीवाकडी, रुंदीपेक्षा उंच, कडांना टोकं फुटलेली, मागे काळी सावली टाकणारी, ती संशयित. अमेरिकेतले रेडिओलॉजिस्ट थॉमस स्टाव्रोस आणि त्यांचे सहकारी यांनी १९९५ मध्ये ७५० भरीव गाठींचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि ही चेहरेवाचनाची पद्धत पक्की केली. त्यांतल्या १२५ गाठी कर्करोगाच्या होत्या. नुसत्या काळ्या-पांढऱ्या चित्रावरून, कडक नियम लावून, त्यांनी १२३ बरोबर संशयित ठरवल्या. म्हणजे आज ज्याला आपण ‘साधी’ म्हणून नाक मुरडतो, तिची ही ताकद. पण सुटलेल्या त्या दोघीही लक्षात ठेवा.

धाकटीची गाठ होती चौदा मिलिमीटरची, लंबगोल, आडवी. तीन बाजूंच्या कडा स्वच्छ. चौथ्या बाजूला थोडी धूसर, बारीक कंगोरे असल्यासारखी. रिपोर्टच्या शेवटी लिहिलं होतं, बायरॅड्स ४ए.

हा बायरॅड्स आकडा काय असतो तेही सांगते, कारण पहिला धसका त्यानेच बसतो. अमेरिकेतल्या रेडिओलॉजिस्टांच्या संस्थेने १९९३ मध्ये मॅमोग्राफीसाठी ही परिभाषा काढली आणि २००३ मध्ये सोनोग्राफीसाठीही लागू केली. हेतू असा की सांगलीचा रिपोर्ट मुंबईच्या सर्जनलाही एकाच अर्थाने कळावा. आकडे शून्य ते सहा. त्यातल्या तीनचा अर्थ बहुधा निरुपद्रवी, कर्करोगाची शक्यता शंभरात दोनहून जास्त नाही, सहा महिन्यांनी पुन्हा बघा. चारचा अर्थ संशय आहे, गाठीचा तुकडा तपासा. चारचेही ए, बी, सी भाग असतात. ४ए म्हणजे शंभरात दोन ते दहा. हा कर्करोगाच्या पायरीचा आकडा नव्हे! आमच्याकडे एका नातलगाने "चौथी स्टेज" म्हणून अर्ध्या गावाला फोन केले होते. आकडा संशयाचा असतो, आजाराचा नाही.

दुसरा प्रश्न रक्ताचा, त्याचं नाव डॉप्लर. ख्रिश्चन डॉप्लर यांनी १८४२ मध्ये प्रागला आपला सिद्धांत मांडला तो ताऱ्यांच्या प्रकाशाबद्दल. तीनच वर्षांनी हॉलंडमध्ये बाइस बॅलट यांनी चालत्या आगगाडीवर कर्णे वाजवणारे बसवले आणि रुळाशेजारी सुरांचे जाणकार उभे केले. गाडी जवळ येताना सूर चढा ऐकू आला आणि लांब जाताना उतरला. आपणही एस.टी.चा हॉर्न ऐकून हे जाणतोच. सोनोग्राफीत गाडीच्या जागी रक्तातल्या पेशी असतात. प्रोबच्या दिशेने येणारं रक्त एका रंगात, लांब जाणारं दुसऱ्या रंगात दाखवतात. बऱ्याच जणी ‘रंगीत सोनोग्राफी’ म्हणतात ती ही.

गाठीला हा प्रश्न का विचारायचा? कर्करोगाला वाढायला रक्त लागतं आणि तो आपल्यासाठी नव्या रक्तवाहिन्या फुटवून घेतो, हा विचार अमेरिकन सर्जन जुडा फोकमन यांनी १९७१ मध्ये मांडला होता. म्हणजे गाठीत वेड्यावाकड्या वाहिन्या शिरताना दिसल्या तर संशय वाढतो. पण या प्रश्नाचं उत्तर फार चंचल आहे. तरुण मुलींच्या निरुपद्रवी गाठींमध्येही भरपूर रक्त खेळत असतं, आणि गळवातही. उलट लहान कर्करोगातली वाहिनी इतकी बारीक असते की यंत्राला दिसत नाही. प्रोब जरा जास्त दाबला गेला तरी वाहिन्या मिटतात आणि चित्र कोरं येतं. रक्त दिसलं तर ती माहिती झाली. दिसलं नाही म्हणून काही सिद्ध होत नाही.

धाकटीच्या गाठीत रक्तप्रवाह दिसला नाही. घरात पहिला सुस्कारा सुटला.

मग माझा भाचा पुढे सरसावला. पुण्यात संगणकाच्या नोकरीत आहे, आईवर जीव आहे, त्यामुळे जे जे नवीन ते ते तिच्यासाठी करायचं. "मावशी, आता इलास्टोग्राफी म्हणून आली आहे. गाठ कडक आहे की मऊ ते आकड्यात सांगते. कशाला आईला सुया टोचायच्या?" तो तिला पुण्याच्या एका केंद्रात घेऊन गेला.

हा तिसरा प्रश्न, आणि मला सगळ्यात आवडलेला. कर्करोगाची गाठ दगडासारखी लागते, हे हजारो वर्षं वैद्यांच्या बोटांना ठाऊक आहे. आंबा दाबून बघायचं ते हेच. बोटांचं हे ज्ञान यंत्रात आणायची कल्पना अमेरिकेत टेक्सासला जोनाथन ओफिर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये मांडली. प्रोबने हलकेच दाबायचं आणि दाबण्याआधीच्या आणि नंतरच्या चित्रात काय किती दबलं ते मोजायचं. मऊ भाग दबतो, कडक भाग तसाच राहतो. जपानमधल्या त्सुकुबाच्या डॉक्टरांनी त्याची पाच पायऱ्यांची मोजपट्टी २००६ मध्ये प्रसिद्ध केली. या पद्धतीत दाबणारा हात माणसाचा असतो, म्हणून उत्तर हाताप्रमाणे थोडं बदलतं.

दुसरी पद्धत पॅरिसच्या शास्त्रज्ञांनी २००० नंतरच्या दशकात विकसित केली. तीत माणसाने दाबायचं नाही. यंत्रच ध्वनीचा एक जोरदार झोत आत सोडून सूक्ष्म धक्का देतं, आणि त्या धक्क्याने तळ्यात खडा टाकल्यासारखे जे तरंग आडवे पसरतात त्यांचा वेग मोजतं. नेहमीचा आवाज शरीरात सेकंदाला सुमारे १५४० मीटर धावतो. हे आडवे तरंग मात्र सेकंदाला जेमतेम एक ते दहा मीटर, म्हणजे काही तर चालण्याच्या वेगाने! भाग कडक तितके ते जास्त वेगाने जातात. त्या वेगावरून कडकपणा किलोपास्कलमध्ये काढतात. २०१२ मध्ये अनेक देशांतल्या ९३९ गाठींचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. कडकपणाची जोड दिल्यावर निरुपद्रवी गाठी ओळखण्यात सुधारणा होते, म्हणजे पुष्कळ जणींना सुईपासून वाचवता येऊ शकतं, असं त्यात दिसलं. भाच्याचं म्हणणं अगदीच हवेतलं नव्हतं.

धाकटीचा आकडा आला २८ किलोपास्कल. मऊ! त्या अभ्यासात ८० च्या आसपासची रेषा वापरली होती, तिच्या कितीतरी खाली. भाच्याने चित्राचा फोटो सगळ्या नातेवाइकांना पाठवला. "बघा, सगळं निळं आहे, लाल कुठेच नाही." त्याच्या यंत्रात निळा म्हणजे मऊ हे खरं होतं. पण एक गंमत सांगून ठेवते. काही कंपन्यांच्या यंत्रांत निळा म्हणजे कडक आणि लाल म्हणजे मऊ, आणि काहींत बरोबर उलटं. तेव्हा रंग बघून घरी निकाल लावू नका.

घरात दुसरा सुस्कारा सुटला. आता बायोप्सी नको, सहा महिन्यांनी बघू, असं बहुमत झालं. धाकटीलाही तेच हवं होतं. सुईची भीती तिला लहानपणापासून, शाळेत लस टोचायला आले की ती शौचालयात लपायची.

सर्जन बाईंनी तिन्ही रिपोर्ट टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. मी बरोबर होते. त्या म्हणाल्या, "काकू, रक्त दिसत नाही, चांगलं आहे. मऊ आहे, तेही चांगलं आहे. पण ही एक कड मला धूसर दिसते, आणि या वयात नवीन आलेली गाठ आहे. तीन साक्षीदारांपैकी दोघे चांगलं बोलतात म्हणून मी तिसऱ्याचं ऐकायचं थांबणार नाही. यात मतदान नसतं."

नंतर वाचताना कळलं की हा त्यांचा हट्ट नव्हता. बायरॅड्सच्या २०१३ च्या आवृत्तीत कडकपणाला जागा दिली आहे ती पूरक लक्षण म्हणून. आकार आणि कडा यांचं म्हणणं त्याहून वजनदार मानावं असं तिथेही सांगितलं आहे. कारण निरुपद्रवी गाठसुद्धा चुना साठून कडक होऊ शकते, आणि काही कर्करोग मऊ असतात.

बायोप्सी झाली. त्या भागापुरती भूल देऊन, त्याच साध्या सोनोग्राफीवर सुई कुठे चालली आहे ते बघत बघत, गाठीचे चार-पाच बारीक धागे काढले. वीस मिनिटांचं काम. धाकटी म्हणाली, दात काढण्यापेक्षा सोपं होतं.

रिपोर्ट आला, म्युसिनस कार्सिनोमा. कर्करोगाचा हा प्रकार फार आढळत नाही आणि तो जास्त करून उतारवयातल्या बायकांत दिसतो. त्यात पेशींच्या भोवती बुळबुळीत द्रव साठलेला असतो. द्रव असल्यामुळे गाठ मऊ लागते, कडा बऱ्यापैकी गुळगुळीत राहतात, रक्तवाहिन्याही कमी. म्हणजे डॉप्लर खोटं बोललं नव्हतं आणि इलास्टोग्राफीही खोटं बोलली नव्हती. गाठीत रक्त खरंच कमी होतं आणि ती खरंच मऊ होती. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्यांनी इमानाने दिलं. "तू कर्करोग आहेस का?" हा प्रश्न त्यांना कुणी विचारलाच नव्हता, आणि विचारला असता तरी त्यांना तो कळला नसता. त्याचं उत्तर सूक्ष्मदर्शकाखालीच मिळतं.

मग काखेची सोनोग्राफी झाली. तिथल्या लसिकाग्रंथी लहान, घेवड्याच्या बीसारख्या आकाराच्या, बाहेरचा थर पातळ, म्हणजे ठीक दिसत होत्या. गाठ काढली, स्तन राहिला, किरणोपचार झाले, आता रोज एक गोळी आणि वर्षातून एकदा मॅमोग्राफी. हा प्रकार मुळात संथ चालीचा आणि तोही लवकर सापडला. धाकटी ठणठणीत आहे. सहा महिने थांबली असती तर काय झालं असतं याचा हिशोब मी मांडत बसत नाही. पण ‘सहा महिन्यांनी बघू’ म्हणणारा माणूस सहा महिन्यांनी खरंच बघतो का, हे आपण सगळे जाणतोच.

चौथा प्रकार आमच्या वाट्याला आला नाही, पण शेजारणीने नेमकं त्याचंच विचारलं होतं. स्वयंचलित सोनोग्राफी. यात डॉक्टर हातात प्रोब धरत नाहीत. एक रुंद पट्टी स्तनावर ठेवतात आणि यंत्र आपोआप सगळा स्तन ओळीने टिपतं, मग डॉक्टर ते सावकाश वाचतात. हाताने केलेल्या सोनोग्राफीची अडचण अशी की ती करणाऱ्याच्या हातावर आणि नजरेवर अवलंबून असते. ही अडचण इथे बरीच कमी होते. मात्र काखेचा भाग यात नीट येत नाही, आणि काही संशयित दिसलं की पुन्हा हाताचीच सोनोग्राफी करावी लागते. अमेरिकेत २०१२ मध्ये दाट स्तनांच्या स्त्रियांसाठी, मॅमोग्राफीच्या जोडीने, तिला मान्यता मिळाली. तिथल्या पंधरा हजारांवर स्त्रियांच्या अभ्यासात, जो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला, नुसत्या मॅमोग्राफीने हजारी ५.४ कर्करोग सापडले, ही जोड दिल्यावर ७.३. पण पुन्हा तपासणीला बोलवावं लागलं अशा स्त्रिया हजारी १५० वरून २८५ च्या घरात गेल्या. जास्त शोधाल तर जास्त सापडेल, आणि जास्त जणींची झोपही उडेल, असा हा व्यवहार आहे.

दाट स्तन म्हणजे काय? तरुण वयात स्तनात चरबी कमी आणि दुधाच्या ग्रंथी, तंतू जास्त असतात. मॅमोग्राफीत हे सगळं पांढरं दिसतं, आणि कर्करोगही पांढराच. कापसात कापूस शोधायचा! सोनोग्राफीत मात्र गाठ बहुधा गडद दिसते, म्हणून उठून दिसते. जपानमध्ये चाळीस ते एकोणपन्नास वयाच्या ७२,९९८ स्त्रियांवर मोठी पाहणी झाली. निम्म्या जणींची मॅमोग्राफी, निम्म्या जणींची मॅमोग्राफी आणि सोनोग्राफी दोन्ही. पहिल्या गटात ११७ कर्करोग सापडले, दुसऱ्यात १८४. भारतात हा आजार पाश्चात्त्य देशांच्या मानाने तरुण वयात दिसतो, म्हणून आपल्या लेकीसुनांसाठी हे महत्त्वाचं. पण मॅमोग्राफी सोडून नुसती सोनोग्राफी करा असा याचा अर्थ नाही. चुन्याचे अतिसूक्ष्म कण ही कर्करोगाची एक अगदी पहिली खूण असते, आणि ती टिपण्यात मॅमोग्राफीच पुढे आहे.

यंत्रांबद्दल एवढं लिहिलं, पण ज्या गावात यातलं एकही यंत्र नाही तिथे काय? मुंबईच्या टाटा हॉस्पिटलच्या डॉ. इंद्रनील मित्रा आणि सहकाऱ्यांनी १९९८ पासून मुंबईतल्या वस्त्यांमधल्या ३५ ते ६४ वयाच्या दीड लाख स्त्रियांवर वीस वर्षं चाललेला अभ्यास केला. यंत्र नाही, काही नाही. प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने तपासायच्या आणि आजाराची माहिती द्यायच्या. निष्कर्ष २०२१ मध्ये आले. तपासणी झालेल्या स्त्रियांमध्ये कर्करोग आधीच्या टप्प्यावर सापडला, आणि पन्नाशीच्या पुढच्या स्त्रियांमध्ये या आजाराने होणारे मृत्यू जवळपास तीस टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्या स्त्रियांमध्ये मात्र मृत्यूंवर तसा परिणाम दिसला नाही. शिकवलेल्या हातांनी एवढं केलं. मला तर तो अभ्यास वाचून आपल्या गावोगावच्या आशाताई आठवल्या.

तर ज्यांनी विचारलं त्या सगळ्यांना माझं उत्तर असं. डोक्यात सगळ्यात महाग यंत्राचं नाव घेऊन जाऊ नका. आपल्याकडे सोनोग्राफी बहुधा डॉक्टर स्वतःच करतात, म्हणजे विचारायला माणूस समोर असतो. तर विचारा: गाठ पाण्याची आहे की भरीव? कडा सगळीकडून स्वच्छ आहेत का? काख पाहिली का? आधीच्या रिपोर्टशी ताडून पाहिलं का? जुने रिपोर्ट फिल्मसकट सांभाळून ठेवा आणि दर वेळी बरोबर न्या. दोन तपासण्यांचं म्हणणं जुळत नसेल तर जी काळजी करायला लावते तिचं आधी ऐका. आणि सुई सांगितली तर ती टाळण्यासाठी तिसरं यंत्र शोधत फिरू नका. ४ए निघालेल्या शंभरातल्या नव्वदहून जास्त जणी बायोप्सीनंतर हसत घरी येतात, हेही खरं आहे.

भाच्याची एक गोष्ट सांगायची राहिली. आईचा रिपोर्ट आल्यावर पोरगा दोन दिवस कुणाशी बोलला नाही. त्याला मी एवढंच म्हटलं, "अरे, तू आईला तपासायला नेलंस ना? आपल्या घरातला तू पहिला मुलगा, ज्याने या आजाराचं नाव घेऊन आईला गाडीत बसवलं." आमच्या आईच्या चुलतबहिणीने पदराखाली लपवलेली गाठ तिच्या मुलांना शेवटच्या महिन्यात कळली होती. त्या काळात सांगलीत ही यंत्रं नव्हती हे खरं, पण तिने कुणाला सांगितलंच नव्हतं हेही तितकंच खरं.

असो. फार लांबलं. ज्यांच्या घरात आई, सासू, आत्या, काकू स्वतः वाचत नाहीत त्यांनी त्यांना हे वाचून दाखवा, स्तन या शब्दापाशी न अडखळता. आणि बायांनो, आंघोळीच्या वेळी हाताला काही नवीन लागलं तर, दुखो न दुखो, त्याच आठवड्यात दाखवा. लोणचं पुढच्या आठवड्यात घातलं तरी मुरतं.